आठ मशिनांच्या पत्रिका

सरासरी हा शब्द कोणी फार आत्मविश्वासाने उच्चारला की मी लगेच विचारते, सगळ्यात वाईट काय घडलं ते आधी सांगा. माणसं दुखावतात. त्याला माझा इलाज नाही. ही सवय मला सुरतेतल्या उधन्याच्या एका मिलमध्ये लागली, आणि ती वेळेवर लागली म्हणून माझी खोली वाचली.

मिल रंगाची होती. साड्यांचं पॉलिएस्टर कापड पांढरं आत यायचं आणि रंगून बाहेर पडायचं. रंगवायला आठ जेट मशिनं. ज्याने प्रेशर कुकर पाहिला आहे त्याला जेट समजतं: खोलीएवढा आडवा कुकर, आत तांदळाऐवजी कापडाचा लांबच लांब दोर रंगाच्या पाण्यात फिरतो आहे. वाफ सोडून पाणी तापवायचं, पण हळूहळू. घाई झाली की कापडावर ढगासारखे डाग उमटतात आणि सबंध लॉट वाया जातो. आधी प्रत्येक जेटपाशी एक ऑपरेटर उभा राहून थर्मामीटरकडे बघत वाफेचा व्हॉल्व्ह फिरवायचा. ऑपरेटर बहुतेक खानदेशातले. मीही माहेरची जळगावकडचीच, त्यामुळे मशीनखात्यात मी सगळ्यांची ताई होते. शेठ आणि ऑफिसची मंडळी मला बेन म्हणायची. त्यांच्याशी सगळं बोलणं गुजरातीत चाले. इथे ते मी मराठीतच लिहिते, एखादा शब्द सोडून.

नव्वदीच्या मध्यावर शेजारच्या मिलवाल्याने जेटना कॉम्प्युटर जोडला. आमच्या शेठना मग झोप कुठली? त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून त्याहून मोठा आणला. प्रत्येक जेटच्या अंगावर एक लोखंडी डबा बसला, डब्यावर एक हिरवं बटण आणि एक लाल दिवा. बटण दाबलं की वाफ सुरू, मुदतीत उत्तर आलं नाही की लाल दिवा आणि भोंगा. डबा सारखा कॉम्प्युटरला विचारत राहणार: मी इतका तापलो, आता काय करू? कॉम्प्युटर त्या रंगाची कृती काढणार, आकडा नोंदवणार आणि सांगणार, वाफ सोड किंवा बंद कर. अशा एका सवालजबाबाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. बँकेत ट्रान्झॅक्शनला उशीर झाला तर गिऱ्हाईक कुरकुरतं आणि पेपर वाचत बसतं. जेट पेपर वाचत नाही. उत्तर उशिरा आलं तर ते कितीही बरोबर असो, पाणी तोवर भलतंच तापलेलं असतं.

मी तेव्हा बिलखात्यात होते, मेहताजींच्या हाताखाली. मेहताजी म्हणजे मिलचे मुनीम. पांढरं धोतर, नाकावर चष्मा, आणि बायकांनी टायपरायटरच्या पुढे जाऊ नये असं ठाम मत. मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकले होते, म्हणून शेठने मला काचेच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसवलं. पण कच्चं.

"लाभपाचमला बघू," शेठ म्हणाले. "त्या दिवशी मशीन बरोबर चाललं तर ही खोली तुमची, कायमची. नाही चाललं तर कॉम्प्युटरवर कपडा टाकू आणि तुम्ही मेहताजींकडे परत."

"खुर्ची पुसून ठेवलीय, बेन," मेहताजी म्हणाले. खरंच पुसून ठेवली होती. मी पाहून आले.

लाभपाचम म्हणजे आपली लाभपंचमी. सुरतेत दिवाळीला सगळे धंदे बंद होतात आणि त्या दिवशी मुहूर्तावर उघडतात. आमच्याकडची रीत अशी की शेठने नारळ फोडला की त्याच क्षणी सगळी मशिनं एकदम सुरू व्हायची. शेठच्या वडिलांपासून चालत आलेलं. एखादं मशीन मागे राहिलं तर ते वर्षभर मागेच राहतं, अशी शेठची पक्की समजूत.

पुण्याहून जो इंजिनिअर आला होता तो हुशार होता, पण त्याला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने नवरात्रात चार दिवस मशिनं तपासली आणि छापील रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, सरासरी उत्तर अर्ध्या सेकंदात. इथे सही करा."

"सगळ्यात उशिरा आलेलं उत्तर कितीचं?"

"ते नाही काढलं. सरासरीच मागतात सगळे."

"माझा नवरा सरासरीने रोज वेळेवर घरी येतो," मी म्हटलं. "अर्धे दिवस दुपारीच दुकान बंद करून येतो, उरलेले दिवस शेजारणीकडे निरोप ठेवावा लागतो. तुमचा रिपोर्ट त्याला फार आवडेल."

तो हसला, पण पेन पुढे धरलेलंच. मी सही केली नाही. घड्याळ कुठून कुठवर लावलं होतं ते मी त्याला विचारलं. तर म्हणे, सवाल कॉम्प्युटरने हातात घेतला तिथून उत्तर निघेपर्यंत. म्हणजे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरसारखं झालं. डॉक्टर म्हणणार, मी पेशंटला पाच मिनिटांत मोकळं करतो, आणि पेशंट सकाळपासून बाकावर बसून वाळलेला. बाकावरचा वेळ या रिपोर्टात नव्हताच.

जेटवरच्या डब्यात स्वतःचं घड्याळ होतं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. डब्याने सवाल केव्हा टाकला आणि डब्याच्या हातात उत्तर केव्हा पडलं, एवढंच त्यात नोंदायचं. सरासरी काढायचीच नाही. दिलेल्या मुदतीनंतर आलेली उत्तरं फक्त मोजायची. इंजिनिअरला तो फारच ओबडधोबड वाटला. ओबडधोबड होताच, पण डब्याच्या बाजूने होता.

दिवाळीच्या आधीच्या एका सुट्टीच्या दिवशी आम्ही जेटमध्ये नुसतं पाणी भरलं, कापड नाही. ऑपरेटरना मी आधी एकामागून एक बटण दाबायला लावलं. एकही उत्तर उशिरा नाही. इंजिनिअरने माझ्याकडे, बघा, अशा नजरेने पाहिलं.

"आता लाभपाचम करू," मी म्हटलं आणि हात वर केला. हात खाली आल्याबरोबर आठ जणांनी आठ बटणं एकदम दाबली.

पहिल्या जेटला ताबडतोब उत्तर आलं. दुसऱ्याला जरा रेंगाळून. तिसऱ्यापासून पुढचे लाल दिवे एकेक करून लागले आणि भोंगे वाजू लागले. शेवटच्या जेटला उत्तर आलं तेव्हा आत कापड असतं तर त्याचं भजं झालं असतं. उत्तर येत नाही म्हणून ते डबे पुन्हा पुन्हा विचारत होते, त्यामुळे रांग आणखी वाढत होती. कारण अगदी साधं होतं. बटण दाबलं की कॉम्प्युटर आधी गोदामातल्या रंगाच्या साठ्यातून त्या लॉटचा रंग वजा करायचा, आणि साठ्याचं पान एका वेळी एकालाच उघडता यायचं. एक जण आत शिरला की बाकीचे दाराबाहेर.

गंमत म्हणजे त्या संध्याकाळी इंजिनिअरने पुन्हा सरासरी काढली. जवळजवळ तेवढीच आली. दिवसभराच्या हजारो झटपट उत्तरांत ते भोंगे कुठल्या कुठे बुडून गेले होते.

"पुण्याला सांगतो," तो म्हणाला. "साठ्याच्या पानाचे तुकडे करावे लागतील. होळीपर्यंत होईल."

"आणि लाभपाचम?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मॅडम. सरासरी हलणार नाही."

"सरासरी नाही हलणार. मी हलेन. थेट बिलखात्यात."

मी आधी सरळ मार्गाने गेले. शेठच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की मुहूर्ताला मशिनं एकदम सुरू करू नका, थोडं थोडं अंतर ठेवा, नाहीतर लॉट बिघडतील.

शेठने चहाची बशी खाली ठेवली. "बेन, बापूजींच्या वेळेपासून बधा साथे. सगळी एकदम. तुमचा कॉम्प्युटर एवढा महागाचा, आणि त्याला आठ जण एकदम झेपत नाहीत?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी उठले. बाहेर मेहताजी दाराला कान लावूनच उभे होते. "खुर्ची खिडकीपाशी सरकवू का, बेन? हवा चांगली येते."

त्याच आठवड्यात मुहूर्त द्यायला महाराज आले. महाराज म्हणजे शेठच्या घरचे भटजी. शेठ कुणाशी तरी फोनवर भांडत होते, म्हणून महाराज बाहेर बाकावर बसले आणि मी त्यांना पाणी नेऊन दिलं. घामाघूम झाले होते. स्कूटर उन्हात उभी, डिकीतून पंचांग डोकावतंय.

"दमलात, महाराज."

"अजून काय दमलोय, बहेन. लाभपाचमला बघा. उधन्यात मिली, कडोदऱ्यात मिली, रिंग रोडला दुकानं, आणि मुहूर्त सगळ्यांना एकच. एकाच वेळी कुठे कुठे पोचू? मागच्या वर्षी कडोदऱ्याला पोचलो तर मुहूर्त टळलेला. त्या शेठने नारळ माझ्यासमोर आपटला. देवासमोर नाही, माझ्यासमोर!"

मी पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून उभी राहिले. हा माणूस आमच्या रंगाच्या साठ्याचं पान होता. सगळ्यांना एकाच वेळी हवा, आणि एका वेळी एकालाच मिळणार.

"महाराज," मी म्हटलं, "सगळ्यांना एकच मुहूर्त का देता?"

"असतोच एक."

"अगदी एकच क्षण?"

महाराजांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं. "तसा काळ मोठा असतो," ते हळूच म्हणाले. "त्यात ज्याच्या त्याच्या पत्रिकेप्रमाणे बारीक वेळ काढता येते. पण एवढी मेहनत कोण घेतो?"

"आमची आठही जेट वेगवेगळ्या दिवशी बसवली आहेत. अंगावरच्या पट्टीवर तारखा आहेत. म्हणजे प्रत्येकाची पत्रिका वेगळी झाली ना?"

"लोखंडाची पत्रिका?"

"दर पत्रिकेमागे एक नारळ आणि पेढ्यांचा पुडा. आणि इथे आठ वेळा मुहूर्त म्हटल्यावर तुम्हाला बाकीच्यांना सांगता येईल की उधन्याचं काम मोठं आहे, तुमचा मुहूर्त मागून काढतो."

महाराजांनी पाणी संपवलं. "तारखा आणा," ते म्हणाले.

मी तारखा आणल्या आणि जाता जाता सांगितलं, दोन जेटच्या मध्ये निदान कपातला चहा निवेल एवढं अंतर ठेवा.

"ग्रहांना चहाचं माप लावू नका, बहेन," महाराज म्हणाले. पण अंतर तेवढंच ठेवलं.

शेठ सहज तयार झाले असं नाही. बापूजींचा विषय निघाला. महाराजांनी शांतपणे सांगितलं की बापूजींच्या वेळची रंगाची मशिनं उघडी होती, ही बंद पोटाची आहेत. उघड्याला सामाईक मुहूर्त चालतो, बंद पोटाला स्वतःचा लागतो. असं कुठल्या शास्त्रात आहे ते शेठने विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "शेजारच्या मिलवाल्याने आठ पत्रिका काढल्यात का?"

"एकही नाही."

"मग काढा."

इंजिनिअरला हे कळलं तेव्हा तो काचेच्या खोलीत येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मॅडम, ही फसवणूक आहे."

"रांग लावणं ही फसवणूक कधीपासून झाली? रेशनच्या दुकानात लावतात की."

"पण ती ज्योतिषाने लावत नाहीत!"

"तुमची दुरुस्ती होळीपर्यंत येणार आहे. माझी लाभपाचमच्या आधी आली."

लाभपंचमीच्या सकाळी मिल धुऊन पुसून लखलखीत. प्रत्येक जेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ. आत खरं कापड, खरा रंग. ऑपरेटर नवे शर्ट घालून आपापल्या बटणापाशी. लाल दिवा लागला तर दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह ताबडतोब बंद करायचा, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. पहिल्या जेटवरचा म्हातारा ऑपरेटर तोंडावर हात ठेवून खिदळत होता.

"ताई, हाई मशीन शे का नवरदेव? यानी पत्रिका कसाले?"

"भाऊ, गप राहा. तुमचा नवरदेव आधी बोहल्यावर चढणार आहे."

शेठने नारळ फोडला. महाराजांनी पहिल्या जेटचा मुहूर्त म्हटला, बटण दाबलं गेलं, खोलीत माझ्या पडद्यावर एक ओळ उमटली. वेळेत. मग महाराज सावकाश दुसऱ्याकडे सरकले. तिथे अक्षता टाकल्या, पंचांग चाळलं, डोळे मिटले. इतका वेळ डोळे मिटले की शेठच्या आईंनी त्यांना झोप लागली का म्हणून विचारलं. दुसरं बटण. वेळेत. तिसरं, चौथं. चौथ्याला म्हणे शनीची दृष्टी होती, तिथे चहा निवून गार झाला असता. इंजिनिअर माझ्यामागे उभा राहून पडद्याकडे बघत होता आणि मधूनमधून घसा खाकरत होता. पाच झाली.

मेहताजींनी हे सगळं सहन केलं, पण किती करणार? त्यांना माझ्या खुर्चीची काळजी. सहाव्या जेटपाशी महाराज मंत्र सुरूच करत होते तेवढ्यात मेहताजी मोठ्याने म्हणाले, "बापूजी असते तर आतापर्यंत पहिला लॉट बाहेर पडला असता!" आणि पुढे होऊन त्यांनी दोन्ही हातांनी सातव्या आणि आठव्याची, वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेली बटणं एकदम दाबली. सहाव्याचा ऑपरेटर त्यांच्या आवाजानेच दचकला होता, त्याने आपलं आधीच दाबलं होतं.

मी पडद्यावर तीन ओळी एकमेकींवर चढताना पाहिल्या. सहावं आत शिरलं, सातवं काठावर वेळेत बसलं, आठव्याचा लाल दिवा लागला आणि भोंगा सुरू झाला. आठव्यावरच्या ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद केला. जेट अजून कोमटही झालं नव्हतं, कापडाला काही झालं नाही. पण भर मुहूर्ताला भोंगा! शेठच्या आईंनी कपाळावर हात मारून घेतला. शेठचा चेहरा असा झाला की मी मनातल्या मनात बिलखात्याची खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

तेवढ्यात महाराज कडाडले. "वेळ नसताना बटण कोणी दाबलं? एकाच्या वेळेत तिघे घुसले! मग शेवटचा अडकणार नाही तर काय होणार?"

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. बिघाडाचं याहून अचूक कारण त्याच्या कंपनीत कोणाला एवढ्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

शेठ मेहताजींकडे वळले. काय बोलले ते लिहीत नाही, सणाचा दिवस होता. मेहताजी चष्मा पुसत आपल्या खात्यात गेले. महाराजांनी आठव्या जेटला शांतीचे दोन शब्द सांगितले, नवीन वेळ काढली, बटण पुन्हा दाबलं गेलं. उत्तर चटकन आलं.

दुपारी लॉट बाहेर पडले. एकाही ताग्यावर डाग नाही. शेठ काचेच्या खोलीत आले, खुर्चीवर न बसता उभ्यानेच विचारलं, "बेन, केटला मोडा?"

उशिरा किती? सरासरी त्यांनी विचारली नाही. आठवडाभर मी त्यांच्या कानाशी एकच धोशा लावला होता, त्याचा उपयोग झाला.

"एक," मी म्हटलं. "मेहताजींनी दाबलेलं."

"ते मी पाहिलं," शेठ म्हणाले. "खोली तुमची."

मी उठून आभार वगैरे मानायच्या बेतात होते, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "आणि महाराजांसाठी इथे एक खुर्ची टाका. आजपासून प्रत्येक लॉटचा मुहूर्त तेच काढतील. रोज."

अशी मला खोली मिळाली आणि खोलीत महाराज. ते सकाळी स्कूटरवरून यायचे, एसीच्या झोताखाली खुर्ची ओढायचे आणि अंगावर उपरणं घट्ट लपेटून घ्यायचे. रोज रोज पंचांग चाळणं त्यांनाही जड जाऊ लागलं. तेव्हा मी कॉम्प्युटरकडूनच दिवसाच्या वेळा काढायचा प्रोग्राम लिहिला. कोणतं जेट केव्हा रिकामं होतं ते बघून तो वेळा वाटायचा, मी त्यांना कागद द्यायची, ते तो कपाळाला लावून मशीनखात्यात वाचून दाखवायचे.

होळीच्या सुमाराला इंजिनिअर पुन्हा आला. साठ्याच्या पानाचे तुकडे करून आणले होते. सुट्टीच्या दिवशी पाणी भरून मी आठही बटणं एकदम दाबायला लावली. एकही दिवा लागला नाही. पुन्हा लावली, पुन्हा नाही. मग मी आकडे घेऊन शेठकडे गेले आणि सांगितलं की आता मशिनं केव्हाही सुरू केली तरी चालतील, वेळा वाटायची गरज उरली नाही.

शेठने आकडे लक्षपूर्वक पाहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "छान. पण महाराजांना सांगू नका. माणूस दुखावेल."

"आणि वेळा?"

"चालू द्या. शेजारच्यानेही आता भटजी ठेवलाय म्हणतात."

मी खोलीत परत आले. महाराज त्या दिवशीचा कागद हातात घेऊन बसले होते. अधूनमधून एखादी वेळ खोडून ते तिथे आपली लिहायचे. आपणही काही काम करतो आहोत हे स्वतःला पटावं म्हणून असेल. त्या दिवशी त्यांनी तिसऱ्या जेटची वेळ खोडली. मी ती खोडू दिली. फक्त नव्या वेळेवर आधीच दुसरं कोणी बसलेलं नाही ना, एवढं खुर्चीमागून वाकून बघून घेतलं.